हरवलेलं ‘नाही’

दोस्तांनो, कात्री चालवायला कुणाला आवडत नाही? जुनी कॅलेंडरं, पतंगाचे कागद, वर्तमानपत्रातले खेळाडूंचे फोटो, सगळं काही कचाकचा कापायला काय मजा येते! मी नववीत असताना मला एक अजब कात्री सापडली. तिला पाती नव्हती की धार नव्हती. ती होती लॅपटॉपच्या पडद्यावर. तिनं कागद नव्हे, तर माणसांचं बोलणं, हसणं, चालणं कापता यायचं. आणि त्या कात्रीनं मी एकदा असं काही कापलं, की अजूनही आठवलं तर कान गरम होतात.

गोष्ट २०१२ सालची. आमचं घर वाईला, कृष्णाकाठी. त्या वर्षी आजोबांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत होती. २५ नोव्हेंबरच्या रविवारी घरीच कार्यक्रम करायचा ठरला. कुणी म्हणालं, पेढेतुला करू. आजोबा म्हणाले, “मला तराजूत बसवू नका रे, मी काय गुळाची ढेप आहे?” मग आत्यानं सुचवलं, “आपण आजोबांची फिल्म करू या. त्यांनी बोलायचं आणि आपण ती सगळ्यांना दाखवायची.” मामाकडं छोट्या कॅसेटवर चालणारा एक जुना हँडीकॅम होता. पुण्याला इंजिनिअरिंगला असलेल्या ताईनं, म्हणजे माझ्या आतेबहिणीनं, आपला जुना लॅपटॉप दिला. आणि काम कुणाकडं आलं? माझ्याकडं! कारण घरात रिकामटेकडा मी एकटाच होतो.

आमचे आजोबा जुळारी होते. जुळारी म्हणजे काय, हे आता मोठ्या माणसांनाही सांगावं लागतं. पूर्वी छापखान्यात एकेक अक्षराचा शिशाचा खिळा असायचा. लाकडी केसच्या खणाखणांतून ते खिळे उचलायचे, एकापुढं एक लावून शब्द करायचा, शब्दांची ओळ आणि ओळींचं पान. खिळ्यावरचं अक्षर उलटं, आरशात दिसतं तसं. आजोबा उलटं वाचायचे, तेही आपण सुलटं वाचतो त्यापेक्षा भराभर! चाळीस वर्षं त्यांनी हेच काम केलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना ओसरीवर बसवलं आणि तीन दिवसांत तीन कॅसेट भरल्या. एकेक कॅसेट एक तासाची. आजोबा बोलत होते, आजी मधूनमधून आतून ओरडून त्यांच्या चुका दुरुस्त करत होती. मी कॅमेऱ्यामागं उभा राहून बॅटरी संपत नाही ना, एवढंच बघत होतो.

आता पुढचं काम, ‘एडिटिंग’. शब्द भारदस्त होता. मला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं. ताई शनिवार-रविवार आली आणि तिनं शिकवायला सुरुवात केली. पहिली गंमत कळली ती ही, की कॅसेट लॅपटॉपमध्ये घ्यायची तर ती पूर्ण वाजवावी लागते. एक तासाच्या कॅसेटला एक तासच लागतो. घाई चालत नाही! आणि एका तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. म्हणजे तिन्हींना ३९ जीबी. ताईनं आपली गाणी आणि फोटो काढून टाकले, तेव्हा कुठं आजोबा त्यात मावले.

मग तिनं मला विचारलं, “हे चित्र हलतंय ना?”

“हो.”

“नाही हलत. बघ.”

तिनं बाणाचं बटण एकेकदा दाबलं. आजोबांचा हात एकेक पाऊल टाकल्यासारखा टप्प्याटप्प्यानं वर गेला. प्रत्येक टप्पा म्हणजे एक स्थिर चित्र, एक फ्रेम. आपल्याकडच्या व्हिडिओत सेकंदाला अशी २५ चित्रं असायची. ती इतक्या झटपट पुढं सरकतात, की आपल्याला वाटतं हात हलतोय. मी लगेच गुणाकार केला. तीन तास म्हणजे २ लाख ७० हजार चित्रं! आणि मला करायची होती बारा मिनिटांची फिल्म, म्हणजे १८ हजार. बाकीची अडीच लाखांवर चित्रं बाहेर ठेवायची होती. त्या दिवशी मला कळलं, की एडिटिंग म्हणजे काय घ्यायचं हे ठरवणं तर आहेच. पण त्याहून जास्त, काय सोडायचं हे ठरवणं आहे.

विंडोजबरोबर तेव्हा मूव्ही मेकर नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळायचा. (तो २०१७ साली बंद झाला.) त्यात खाली एक लांब पट्टी असायची, टाइमलाइन. तिच्यावर डावीकडून उजवीकडं तुकडे मांडत जायचे. तुकड्याची कड माउसनं धरून आत ढकलली की तेवढा भाग गायब! मी तर हरखूनच गेलो. आजोबांचं “अं… काय बरं…” कापलं. मधेच आलेला भंगारवाला कापला. आजीचं “अहो, ते साल चुकलं” हेही कापलं. (हे तिला अजून सांगितलेलं नाही.)

पहिला दणका चौथ्या दिवशी बसला. मित्राला माझी करामत दाखवायची म्हणून मी फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि ऐटीत त्याच्या घरी गेलो. उघडून बघतो तर काय! टाइमलाइनवर तुकड्यांच्या जागी लाल फुल्या. एकही चित्र नाही. मित्राची धाकटी बहीण म्हणाली, “फुली-गोळा खेळायचाय का?” रडवेला होऊन मी ताईला फोन लावला. ती हसत सुटली.

“अरे, तू नेलीस ती प्रोजेक्टची फाइल. तिच्यात चित्रं नसतातच मुळी. कुठल्या व्हिडिओतला कुठला तुकडा, कुठून कुठपर्यंत घ्यायचा, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. ती आजीची लाडवाची चिठ्ठी समज. बेसन डब्यातच राहिलं, तू चिठ्ठी घेऊन गेलास!”

ही लाडवाची चिठ्ठी पुढं फार उपयोगी पडली. पण ते नंतर.

दुसऱ्या आठवड्यात माझा हात बसला. ताईनं एक भारी गोष्टही सांगितली. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव कुलेशोव नावाचा दिग्दर्शक होता. त्यानं एका नटाचा चेहरा घेतला, अगदी कोरा, ना हसरा ना रडका. त्या चेहऱ्याला एकदा सूपची वाटी जोडली, एकदा शवपेटी. बघणाऱ्यांना वाटलं, पहिल्या वेळी हा माणूस भुकेला दिसतोय आणि दुसऱ्या वेळी दुःखी. चेहरा मात्र तोच! म्हणजे अर्थ एकट्या चित्रात नसतो. त्याच्या शेजारी काय ठेवलंय, त्यातूनही तो तयार होतो.

“म्हणून हे काम जपून करायचं,” ताई म्हणाली. ती रेणू सलुजांबद्दलही बोलली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या या संकलक बाईंना चार वेळा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी मान डोलावली. पण डोक्यात शिरलं होतं फक्त सूप. ‘जपून’ हा शब्द बाहेरच राहिला.

आता तो प्रसंग सांगतो.

आजोबांचे एक जिवलग दोस्त होते. छापखान्यात आजोबा खिळे जुळवायचे आणि हे मशिनवर छापायचे. म्हणून आम्ही त्यांना मशिनवाले आजोबा म्हणायचो. त्यांच्याबद्दल विचारल्यावर आजोबा कॅमेऱ्यासमोर सहा मिनिटं बोलले होते. सुरुवात अशी होती, “तो? महाहट्टी माणूस! त्याच्यामुळं माझी नोकरी जायची पाळी आली होती.” पुढं मोठी गोष्ट होती, मधे खोकला होता, आणि एका ठिकाणी तर आजोबा बराच वेळ गप्पच बसले होते. मला वाटलं, लांबतंय. मी पहिली दोन वाक्यं ठेवली आणि बाकीचं छाटलं. मग माझ्यातला कुलेशोव जागा झाला! आत्याच्या लग्नाच्या जुन्या चित्रीकरणात मशिनवाले आजोबा तोंडात अख्खी जिलबी कोंबून हसत होते. तो तुकडा मी नेमका “नोकरी जायची पाळी आली होती” याच्यापुढं चिकटवला.

काय परिणाम झाला म्हणून सांगू! माझी चुलत भावंडं हसून हसून लोळली. बाबासुद्धा म्हणाले, “भारी जमलंय!” मी फुगून टम्म.

शुक्रवारी रात्री जेवणं झाल्यावर आजोबा म्हणाले, “मला दाखव की एकदा. प्रूफ बघितल्याशिवाय छापायचं नसतं.”

आम्ही दोघं लॅपटॉपसमोर बसलो. छापखान्याची गोष्ट आली तशी ते खुशीत आले. मग तो तुकडा आला. “त्याच्यामुळं माझी नोकरी जायची पाळी आली होती” आणि लगेच जिलबी. मी त्यांच्याकडं बघत राहिलो, आता हसतील, मग हसतील. ते हसले नाहीत.

“मी असं म्हणालो?”

“हो आजोबा. तुमच्याच तोंडचं आहे. मी एक शब्दही घातला नाही.”

“शब्द माझे आहेत रे,” आजोबा सावकाश म्हणाले. “पण बोलणं माझं नाही.”

मला काय बोलावं कळेना. तेव्हा त्यांनी ती गोष्ट पुन्हा सांगितली. मी ती ऐकली होती. ऐकून कापली होती. पण त्या रात्री पहिल्यांदा नीट ऐकली.

आजोबा तेव्हा सत्तावीस वर्षांचे. पावसाळ्यात रोगराई पसरली होती आणि विहिरींवर लावायच्या पत्रकांचं काम तातडीनं छापखान्यात आलं. मजकूर एका ओळीचा, ‘या विहिरीचे पाणी पिण्यास योग्य नाही.’ मोठे खिळे घेतल्यामुळं ओळ मावेना. आजोबांनी ‘नाही’चे खिळे काढून बाजूला ठेवले, खालच्या ओळीत बसवू म्हणून. तेवढ्यात कुणी हाक मारली. परत येऊन त्यांनी घाईत फर्मा आवळला आणि मशिनवर पाठवला. ‘नाही’ टेबलावरच राहिलं!

मशिनवाले आजोबा जेमतेम चौथी शिकलेले. पण पहिला कागद निघाला तो त्यांनी वाचला आणि मशीन थांबवलं. आजोबा चिडले. “तू मशीन चालव. वाचायचं काम माझं!” पण हा गडी हटेना. मालक आले, आरडाओरडा झाला, आणि चूक आजोबांची निघाली. नोकरी जायचीच बाकी होती. आजोबा अपमानानं इतके पेटले, की पंधरा दिवस मित्राशी बोलले नाहीत.

“मग एक दिवस त्या विहिरीवरनं चाललो होतो,” आजोबा म्हणाले. “एक बाई कळशी घेऊन आली. कडेवर पोर. तिला वाचता येत नव्हतं. तिनं एका शाळकरी मुलाला ते पत्रक वाचायला लावलं, आणि ऐकून तशीच मागं फिरली. तसाच गेलो मी मित्राच्या घरी.”

एवढं बोलून ते थांबले. कॅमेऱ्यासमोर थांबले होते तसेच. मी ‘लांबतंय’ म्हणून कापली होती ती हीच जागा.

“बघ,” आजोबा म्हणाले, “माझ्या हातून एक शब्द राहिला, तो चुकून. तू सहा मिनिटं काढलीस, ती समजून-उमजून. आणि रविवारी तो पहिल्या रांगेत बसणार आहे. ज्यानं मला वाचवलं, त्याला मी चारचौघांत नावं ठेवली, असं दिसणार.”

ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते उठून झोपायला गेले.

माझं तर पाणी पाणी झालं. त्यातून आणखी धास्ती, की कापलेला भाग आता गेलाच असणार! रात्री अकरा वाजता ताईला फोन केला. ती म्हणाली, “लाडवाची चिठ्ठी विसरलास का? तू चिठ्ठीत खाडाखोड केलीस, डब्यातलं बेसन कुठं जातंय? कड धरून बाहेर ओढ.” मी तुकड्याची कड माउसनं धरली आणि उजवीकडं ओढली. आणि आजोबा पुढं बोलायला लागले! खोकला, विहीर, कळशी, सगळं जागच्या जागी. संगणकावर मला इतका आनंद पुन्हा कधी झाला नाही.

शनिवारी सकाळी आजोबा आपणहून शेजारी येऊन बसले. हातात कोरे कागद आणि लाल पेन. म्हणाले, “आधी सगळं लिहून काढ. कापायचं ते कागदावर कापू.” सहा मिनिटांतलं वाक्य न् वाक्य मी लिहिलं. मग आम्ही एकेक वाक्य वाचून विचारत गेलो, हे काढलं तर अर्थ बदलतो का? बदलत नसेल तर काढ, बदलत असेल तर ठेव. (व्यवसायानं हे काम करणारेही अनेकदा असं आधी कागदावर करतात, हे मला नंतर कळलं.) सहा मिनिटांची सव्वादोन मिनिटं झाली, आणि गोष्ट पूर्ण राहिली. जोड दिसू नयेत म्हणून आवाज तसाच चालू ठेवून वर जुन्या छापखान्याचे फोटो लावले. आजोबा गप्प बसतात ती जागा मी थोडी कमी करायला निघालो, तर त्यांनी माउसवरचा माझा हात धरला. “दोन शब्दांमध्ये आम्ही कोरा खिळा घालायचो. तो छापला जात नाही. पण नसेल तर शब्द एकमेकांत घुसतात. राहू दे.”

त्या दिवशी आजोबांनी मला दादासाहेब फाळक्यांचंही सांगितलं. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लावणारे दादासाहेब त्याआधी छपाईच्याच धंद्यात होते. फिल्म धुण्याच्या आणि तिला भोकं पाडण्याच्या कामात सरस्वतीबाई त्यांच्या बरोबरीनं राबल्या. “म्हणजे सिनेमा हा आमच्याच घरातला!” आजोबा हसून म्हणाले. तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

रविवारी अंगणात पांढरी चादर बांधून फिल्म दाखवली. मशिनवाले आजोबा पहिल्या रांगेत. “त्याच्यामुळं माझी नोकरी जायची पाळी आली होती” हे वाक्य आलं तेव्हा त्यांनी मान वर केली. मग गोष्ट पुढं सरकली. पत्रक, मशीन, विहीर, कळशी. आजोबा पडद्यावर गप्प झाले आणि अंगणात एवढी शांतता पसरली, की प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज ऐकू येत होता. त्या शांततेत मशिनवाले आजोबा मोठ्यानं म्हणाले, “तरी मी तेव्हा सांगत होतो याला!”

अख्खं अंगण हसलं. आजोबाही हसले. आणि त्याच्यापुढं आली जिलबी! तो तुकडा मी काढला नव्हता, फक्त त्याची जागा बदलली होती. आता त्या हसण्यात सगळे सामील होते. फिल्म संपल्यावर मशिनवाले आजोबांनी मला जवळ बोलावलं. मी घाबरतच गेलो. “बाकी सगळं ठीक,” ते म्हणाले, “पण त्या जिलबीत माझं नाक फार मोठं दिसतंय. ते कापता येईल का?”

दोस्तांनो, आज तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी मोबाईल आहे, काहींच्या घरी लॅपटॉपही असेल. शॉटकट, केडेनलाइव्ह, ओपनशॉट असे प्रोग्रॅम फुकट मिळतात आणि आमच्या मूव्ही मेकरपेक्षा कितीतरी जास्त कामं करतात. जरूर शिका. मूळ चित्रीकरण आणि प्रोजेक्टची फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे लाल फुल्यांची वेळ येणार नाही. मूळ चित्रीकरणाची एक प्रत दुसऱ्या ठिकाणीही ठेवा. चिठ्ठी पुन्हा लिहिता येते, बेसन सांडलं तर संपलं! आवाजाकडं चित्राइतकंच लक्ष द्या. आणि ज्याची फिल्म आहे, त्याला ती सगळ्यांच्या आधी दाखवा.

आई-बाबांनो, तुम्हालाही एक सांगू? दुसऱ्या कुणी कापलेले तुकडे रोज आपल्या मोबाईलवर येतात. कुणीतरी काहीतरी बोलतं आणि आपण हसतो नाहीतर चिडतो. अशा वेळी मला टेबलावर राहिलेलं ते ‘नाही’ आठवतं. याच्या आधी काय होतं, याच्या नंतर काय होतं, एवढं विचारायची सवय आपल्या घरात सगळ्यांनी लावून घेतली तर?

२०१८ साली मशिनवाले आजोबा गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आजोबा माझ्या खोलीत आले आणि खुर्ची ओढून बसले.

“त्याची गोष्ट लाव रे.”

मी बारा मिनिटांची फिल्म शोधायला लागलो.

“ती नको,” आजोबा म्हणाले. “सहा मिनिटांची लाव. खोकल्यासकट.”